गच्चीवर फरशी बसवण्यापूर्वी : जागेची आखणी आधी का?

गच्चीच्या फरशीसाठी आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक पहिल्यांदा चौरस फुटाचा दर विचारतात आणि लगेच टाइल्सच्या रंगाकडे वळतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांची उत्तरे देण्यापूर्वी आम्हीच आपल्याला विचारतो की, पुढच्या आठ-दहा वर्षांत या गच्चीवर काय काय उभे राहणार आहे. त्यावर “ते नंतर बघू, आधी फरशी तर होऊ द्या” असे उत्तर हमखास येते. हे माहितीपत्रक प्रामुख्याने त्या उत्तरासाठी आहे.

फरशी झाल्यानंतर टाकीचा स्टँड, सोलरचा सांगाडा, डक्टिंग कूलर, डिशची छत्री किंवा कपड्यांच्या तारेचा खांब बसवायचा म्हणजे तयार फरशीत ड्रिल चालवणे आले. फास्टनरसाठी पाडलेले भोक टाइल, तिच्याखालचा मसाला आणि कोब्याचा, म्हणजे स्लॅबवर उतारासाठी घातलेल्या काँक्रीटच्या थराचा, बराचसा भाग भेदून जाते आणि कित्येकदा वॉटरप्रूफिंगच्या थरालाही छिद्र पडते. वरून सिलिकॉन भरले की काम झाले असे वाटते, पण नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक, उन्हात ते आक्रसते आणि जूनमधल्या पहिल्या पावसाचे पाणी बोल्टच्या कडेने आत उतरते. ते तिथेच खाली गळत नाही, ही खरी अडचण आहे. फरशीखालच्या पोकळीतून ते आडवे सरकत जाते आणि भलत्याच खोलीत, पंख्याच्या हुकाभोवती पिवळट डाग होऊन दिसते. मग गळतीचे मूळ शोधण्यासाठी चांगली बसलेली फरशी उखडावी लागते, कारखान्यात नव्या लॉटची छटा बदललेली असल्याने जोडीची टाइल मिळत नाही, आणि आठवड्याभराचे काम महिन्यावर जाते. म्हणूनच फरशीत नंतर ड्रिल झालेले असल्यास त्या भागाची हमी आमच्याकडून राहत नाही. ही अट काहींना कडक वाटते, परंतु भोक पाडणारा माणूस आमचा नसताना गळतीची जबाबदारी आम्ही घेणे योग्य होणार नाही.

सध्या सर्वाधिक गोंधळ सोलरमुळे होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आल्यापासून आणि ३ किलोवॉटच्या यंत्रणेला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळू लागल्यापासून नागपुरात मनीषनगरपासून महालापर्यंत घरोघरी पॅनेल बसत आहेत. एवढ्या यंत्रणेला साधारण तीनशे चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि पॅनेलची तोंडे दक्षिणेकडे असावी लागतात. म्हणजे सोलर दोन वर्षांनी घ्यायचे असले, तरी त्याच्या पायांची जागा आजच ठरवता येते. त्या ठिकाणी आम्ही स्लॅबवर सुमारे फूटभर उंचीचे काँक्रीटचे ठोकळे बोल्टसह आधीच भरतो, वॉटरप्रूफिंगचा थर त्यांच्या अंगावर चढवून घेतो आणि मगच भोवती कोबा व फरशी करतो. पुढे सांगाडा फक्त नटांनी आवळायचा राहतो. ठोकळ्यांचा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ असतो. तरीही दरपत्रकातून सर्वप्रथम तोच काढायला सांगितला जातो, याचे आम्हाला नवल वाटते.

हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होते, त्यामुळे ती बीम किंवा कॉलमच्या माथ्यावरच यायला हवी. वास्तुशास्त्राप्रमाणे टाकी नैऋत्येलाच हवी, असा पुष्कळ कुटुंबांचा आग्रह असतो. त्याला आमची हरकत नाही. मात्र नैऋत्येच्या उंच टाकीची सावली दुपारनंतर पूर्वेकडे लांबत जाते, तेव्हा पॅनेल तिच्यापासून पुरेसे दूर घ्यावे लागतात. डक्टिंग कूलर असल्यास तो पाणी उतरण्याच्या तोंडाजवळ ठेवावा आणि त्याचे सांडपाणी स्वतंत्र नळीने थेट पाइपात सोडावे. एप्रिल ते जून सतत ओला राहणारा कोपरा बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी पांढरा पडतो आणि सांध्यांमधले ग्राउट तिथेच सर्वांत आधी सुटते. विजेच्या आणि पाण्याच्या नळ्या फरशीखालून न नेता कठड्याच्या आतल्या अंगाने न्याव्यात. कपड्यांच्या तारेचे हुकही कठड्यातच बसवावेत. पापड-कुरडयांसाठी आणि रात्री अंथरूण टाकण्यासाठी जो भाग मोकळा हवा, तो घरातल्या बायकांना विचारून ठरवावा, कारण आखणीच्या वेळी त्या सहसा हजर नसतात आणि काम झाल्यावर तक्रार मात्र त्यांचीच असते व ती बरोबर असते.

ही जागा ठरली की मग ढाळ, म्हणजे पाणी वाहून जाण्यासाठीचा उतार. शंभरास एक या प्रमाणात दहा फुटांना सव्वा इंच, म्हणजे तीस फुटांच्या गच्चीला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे साडेतीन इंचांहून अधिक उतार लागतो. चारशे चौरस फुटांमागे एक चार इंची पाइप आणि गच्ची लहान असली तरी किमान दोन, असा आमचा शिरस्ता आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तेवढ्या पावसाचे नऊ हजार लिटरांहून अधिक पाणी होते. अशा वेळी एकुलत्या एका पाइपाच्या तोंडाशी पाला अडकला, तर जिन्यातून पाणी घरात शिरायला वेळ लागत नाही.

ढाळ चुकलेला असल्यास जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवू नये. कोब्याचा प्रत्येक इंच चौरस फुटाला पाच किलोच्या आसपास भार वाढवतो, आणि जुन्या घराच्या स्लॅबवर तो लादणे धोक्याचे आहे. खोदून काढण्याचा खर्च आम्ही वेगळा दाखवतो, त्यामुळे आमचे दरपत्रक इतरांपेक्षा जड दिसते.

टाइल्स फिकट रंगाच्या व खरबरीत पृष्ठभागाच्या घ्याव्यात, एवढे पुरे. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नसल्याने ती नुसत्या सिमेंटवर धरत नाही, तिला चिकटवण्याचा खास मसालाच लागतो. सांधे न सोडता टाइल भिडवून बसवण्याचा आग्रह मात्र कृपया धरू नये. मे महिन्यातल्या दुपारपासून पावसाळी पहाटेपर्यंत फरशीच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक पडला, तर तीस फुटांचा स्लॅब साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांब-आखूड होतो. त्या हालचालीला वाव नसेल, तर टाइल्स मधोमध उचलल्या जातात. म्हणून आम्ही दर दहा फुटांवर आणि कठड्यालगत लवचीक सीलंटची फट ठेवतो.

खोदकाम, कोबा, निदान आठ दिवसांची तराई (कोबा पाण्याने ओला ठेवणे), अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवण्याची चाचणी आणि त्यानंतर फरशी, या साऱ्याला तीन आठवडे लागतात. मान्सून मध्य जूनच्या सुमारास नागपुरात पोहोचतो, त्यामुळे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही नवे खोदकाम हाती घेत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ तराईसाठीही उत्तम असतो. पहिल्या भेटीत आमचा माणूस लेव्हल पाइपाने उतार तपासतो, पाणी साचण्याच्या जागा खडूने आखतो आणि गच्चीचा नकाशा काढून देतो. नकाशाचे शुल्क काम दिल्यास बिलातून वजा होते, आणि काम इतरत्र दिले तरी नकाशा आपलाच राहतो. भेटीपूर्वी स्ट्रक्चरल ड्रॉइंग मिळाल्यास काढून ठेवावे, आणि सोलरवाल्याशी बोलणे झाले असल्यास त्याच्या सांगाड्याची मापे मागवून घ्यावीत.