हनुवटीवरचा केस आणि करडईचे तेल

सोलापूरच्या काळ्या जमिनीत रब्बीच्या ज्वारीबरोबर करडई पिढ्यानपिढ्या घेतली जाते. तिचेच तेल आता ‘कुसुंबा तेल’ या भारदस्त नावाने, थनाका नावाच्या सालीच्या भुकटीसह, चेहऱ्यावरची लव कायमची घालवणारा नैसर्गिक उपाय म्हणून मोबाइलवरच्या चित्रफितींतून खपवले जात आहे. यात तथ्य असते, तर जन्मभर करडईच्या तेलात हात असलेल्या आपल्याकडच्या घाणेवाल्यांच्या मनगटावर एकही केस उरला नसता.

आपल्याला दिसतो तो केस म्हणजे केराटिनचा निर्जीव धागा. तो घडतो त्वचेखालच्या रोमकूपात, म्हणजे केसाच्या मुळाभोवतीच्या इवल्या पिशवीत. सारे रोमकूप जन्मापूर्वीच तयार झालेले असतात आणि स्त्री-पुरुषांच्या हनुवटीवर त्यांची संख्या साधारण सारखीच असते. म्हणजे दाढी हे नवे केस नव्हेत, मूळच्या लवेचेच ते रूपांतर असते. ते घडवणारे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक स्त्रीच्या शरीरातही बीजांडकोश आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींमुळे थोड्या प्रमाणात असते. रोमकूपाच्या तळाशी पेशींचा एक उंचवटा असतो, त्याला अंकुरक म्हणू. तिथे फाइव्ह-अल्फा रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनवते, ते अंकुरकाच्या पेशींतील ग्राहीला, म्हणजे संप्रेरकाचा संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटते, ही जोडी पेशीकेंद्रकात जाऊन काही जनुकांचे काम बदलते, आणि मग अंकुरक मोठा होतो, केसाच्या वाढीचा काळ लांबतो, रंगपेशी जाग्या होतात व काही वाढचक्रांनंतर लवेच्या जागी काळा, राठ केस येतो. गंमत अशी की हेच संप्रेरक टाळूवरच्या केसांना मात्र बारीक करते. आदेश एकच, पण तो कसा पाळायचा हे प्रत्येक रोमकूपाच्या जागेवर ठरलेले असते. डोक्याच्या मागचे केस पुढे रोवले तरी ते मूळचाच स्वभाव टिकवतात, हे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइश यांनी 1959 साली दाखवले आणि केशरोपणाची शस्त्रक्रिया त्यावरच उभी राहिली.

हा सारा व्यवहार त्वचेच्या आत, रक्तातून येणाऱ्या संदेशांवर चालत असल्यामुळे वरून लावलेला बेसन-हळदीचा लेप तिथवर पोहोचत नाही. वाळलेला लेप चोळताना थोडी नाजूक लव उपटली जाते आणि उरलेली हळदीच्या पिवळेपणात कमी दिसते, एवढेच. तान्ह्या बाळाला कणकेचा गोळा फिरवून लव काढण्याची आपली रीत अशीच आहे; ती लव आपोआप गळणारच असते, श्रेय मात्र कणकेला मिळते.

साखर-लिंबाचा चिकट पाक आणि थ्रेडिंगचा दोरा केस खरोखर मुळापासून उपटतात, परंतु अंकुरक जागेवरच राहत असल्याने काही आठवड्यांत केस परततो. वस्तरा फिरवल्याने केस दाट होतात, ही समजूत अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 सालीच प्रयोगाने खोडून काढली होती. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते आणि कापलेल्याचे बोथट, म्हणून तो बोटाला राठ लागतो. लिंबाचा रस किंवा खाण्याचा सोडा चेहऱ्यावर चोळण्यापेक्षा स्वच्छ वस्तरा बरा, कारण त्या दोन्हींनी त्वचेची आग होते.

हनुवटीवर राठ केस येऊ लागले आणि पाळीही अनियमित झाली, तर पीसीओएसची, म्हणजे बीजांडकोश आणि संप्रेरकांच्या बिघाडाशी संबंधित विकाराची, शक्यता तपासून घ्यावी. केस थोड्याच महिन्यांत झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा झाला, तर मात्र लेपांचे प्रयोग थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे. क्वचित अशा वेळी बीजांडकोशात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ सापडते.