कवचातील मॅग्नेशियम आणि समुद्राचे जुने तापमान : नमुने पाठवण्यापूर्वी वाचावे असे काही

समुद्रतळाच्या गाळातून वेचलेल्या फोरामिनिफेरांच्या कवचांमधील मूलद्रव्यांचे प्रमाण मोजून देणे, हे आमच्या प्रयोगशाळेचे काम आहे. विद्यापीठांचे भूशास्त्र विभाग, संशोधन संस्था आणि पीएच.डी.चे विद्यार्थी आमच्याकडे नमुने पाठवतात. अहवालातील आकड्यावर कितपत विसंबावे, असे आम्हाला वारंवार विचारले जाते. त्याचे बरेचसे उत्तर नमुना आमच्या टेबलावर येण्यापूर्वीच ठरलेले असते, म्हणून हे पत्रक.

फोरामिनिफेरा हे एकपेशीय जीव आहेत. त्यांतील प्लवक जाती समुद्राच्या वरच्या थरांत तरंगत जगतात आणि कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, कवच बांधतात. कवच बांधताना कॅल्शियमच्या जागी थोडे मॅग्नेशियमही शिरते, आणि पाणी जितके उबदार तितके ते जास्त शिरते. जीवनक्रम संपला की रव्याच्या दाण्याएवढे हे कवच तळाशी जाऊन गाळात साठते. मॅग्नेशियम समुद्रात एक कोटी वर्षांहून अधिक काळ आणि कॅल्शियम सुमारे दहा लाख वर्षे टिकून राहत असल्यामुळे, शेवटच्या काही लाख वर्षांत पाण्यातील या दोहोंचे परस्पर प्रमाण स्थिर होते असे धरता येते. कोट्यवधी वर्षे जुन्या गाळाच्या बाबतीत मात्र ही सोय उरत नाही.

कवचातील मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्या गुणोत्तरावरून तापमान काढण्यासाठी आमचे बहुतेक ग्राहक पल्लवी आनंद, हॅरी एल्डरफील्ड आणि मॉरीन काँटे यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेले समीकरण वापरतात. उत्तर अटलांटिकमधील सारगासो समुद्रात, वरून खाली येणारे कण पकडण्यासाठी टांगलेल्या सापळ्यांत पडलेल्या कवचांवरून ते बसवलेले आहे. त्यानुसार तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की गुणोत्तर सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, ३.८ मिलिमोल प्रति मोल (कॅल्शियमच्या दर हजार अणूंमागे मॅग्नेशियमचे ३.८ अणू) म्हणजे साधारण २५.६ अंश, आणि ५ म्हणजे साधारण २८.६ अंश. हे समीकरण येण्यापूर्वी, पण कवचातील मॅग्नेशियमवरूनच, डेव्हिड ली, डोरोथी पॅक आणि हॉवर्ड स्पेरो यांनी २००० साली दाखवून दिले की, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात विषुववृत्तीय पॅसिफिकचा पृष्ठभाग आजच्यापेक्षा सुमारे २.८ अंशांनी थंड होता. कवचातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंच्या) प्रमाणात तापमान आणि ध्रुवीय बर्फाचे आकारमान यांची सरमिसळ असते. त्याच कवचातील मॅग्नेशियमवरून तापमान वेगळे काढता आल्यामुळे, तिथले पाणी बर्फ वितळण्याच्या सुमारे ३,००० वर्षे आधीच तापू लागले होते, हेही त्यांना सांगता आले.

हा २.८ चा आकडा ध्यानात ठेवावा, कारण निव्वळ अस्वच्छतेने होणारी चूकही जवळपास तेवढीच असू शकते. उष्ण पाण्यातील कवचात वजनाने जेमतेम ०.१२ टक्के मॅग्नेशियम असते; चिकणमातीत ते १ ते १० टक्के असते. ३०० मायक्रोग्रॅम कवचांबरोबर ३ टक्के मॅग्नेशियम असलेली ३ मायक्रोग्रॅम माती राहिली आणि ती पूर्ण विरघळली, तर गुणोत्तर सुमारे २५ टक्क्यांनी फुगते आणि तापमान जवळजवळ अडीच अंशांनी जास्त येते. एवढीशी माती सूक्ष्मदर्शकाखालीही सहज नजरेतून सुटते. म्हणून कवचे आम्ही दोन काचपट्ट्यांमध्ये हलके दाबून फक्त उघडतो, त्यांचा भुगा करत नाही. भुगा झाला की धुताना निम्मा माल पाण्याबरोबर जातो. कवचाचे कप्पे उघडले की शुद्ध पाणी आणि मिथेनॉल यांत ध्वनिलहरींच्या साहाय्याने वारंवार धुणे, अल्कलीयुक्त हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय अंश जाळणे आणि शेवटी अतिशय सौम्य नायट्रिक आम्लाची झटपट धुणी, असा क्रम असतो. लोह-मँगनीजचे लेप काढण्यासाठी हायड्रॅझिन या रसायनाची पायरी हवी असल्यास आधी कळवावे. त्या पायरीत कवचही थोडे विरघळते आणि गुणोत्तर १० टक्क्यांच्या आसपास खाली येते, त्यामुळे एकाच गाभ्यातील (समुद्रतळातून नळीने काढलेल्या गाळाच्या उभ्या स्तंभातील) अर्धे नमुने एका रीतीने आणि अर्धे दुसऱ्या रीतीने स्वच्छ करण्याची विनंती आम्ही मान्य करत नाही.

वेचणी ग्राहकाने स्वतः करावी, हे आम्हाला अधिक पसंत आहे. एका नमुन्यात एकाच जातीची, २५० ते ३५० मायक्रॉन आकाराची किमान ३० ते ४० कवचे असावीत. ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर निवडल्यास तिचे दोन आकारप्रकार मिसळू नयेत, कारण त्यांची राहण्याची खोली सारखी नसते. पश्चिम अरबी समुद्रातील ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही जाती नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे तळचे थंड पाणी वर येते तेव्हा फोफावते. तिचे तापमान हे मुख्यतः त्या हंगामाचे तापमान आहे, वर्षाची सरासरी नव्हे. प्रबंधात हा भेद पुसला गेलेला आढळतो, आणि परीक्षकाने त्यावर बोट ठेवल्यास दोष मोजणीचा नसतो.

गाभा कोणत्या खोलीवरून काढला, हे अवश्य लिहावे. खोल पाण्यात कवच विरघळू लागते तेव्हा मॅग्नेशियमने समृद्ध भाग आधी जातो आणि उरलेले कवच खऱ्यापेक्षा थंड समुद्र दाखवते. क्षारता आणि सामू यांचाही गुणोत्तरावर परिणाम होतो. बंगालच्या उपसागरात, जिथे नद्यांच्या गोड्या पाण्याने पृष्ठभागाची क्षारता कालौघात बरीच बदललेली आहे, तिथे हा परिणाम दुर्लक्षून चालणार नाही. अशा नमुन्यांत त्याच द्रावणातून बेरियमही मोजून घ्यावे, कारण नदीच्या पाण्याची चाहूल त्यातून लागते.

अहवालात आम्ही मॅग्नेशियमच्या गुणोत्तराबरोबर अॅल्युमिनियम, लोह आणि मँगनीज यांची गुणोत्तरेही देतो. ती मॅग्नेशियमच्या जोडीने चढत-उतरत असतील तर मळ राहिला असे समजून तो नमुना आलेखातून वगळावा. मोजणी बरोबर आहे का हे पडताळण्यासाठी प्रत्येक खेपेत ईसीआरएम ७५२-१ या प्रमाणित चुनखडीचीही मोजणी असते, जिचे मान्य गुणोत्तर ३.७५ मिलिमोल प्रति मोल आहे. तिचा आमच्याकडे आलेला आकडा अहवालाच्या पहिल्याच पानावर छापलेला असतो. तापमानाचा रकाना मात्र आम्ही कोराच ठेवतो, कारण कोणते समीकरण लावायचे हे जाती, जागा आणि स्वच्छतेची रीत पाहून ग्राहकानेच ठरवायचे असते.