गावातली शाळा आणि एसटीची फेरी: हे दोन्ही एकत्रच वाढलंय

समूह शाळेचा, म्हणजे कमी पटाच्या शाळा बंद करून त्यांची मुलं एका मोठ्या शाळेत आणायचा विषय निघाला की सगळे पटसंख्येवर बोलतात, एसटीवर कुणीच बोलत नाही. खरंतर आपल्या राज्यात गावोगावी शिक्षण पोचलं त्यात शाळेच्या इमारतीइतकाच वाटा गाडीचा आहे, म्हणून जरा मागं जाऊन बघूया.

एसटी यायच्या आधी शाळा लांब असली तर उपाय एकच होता, मुलाला शाळेच्या गावातच ठेवायचं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी केली आणि 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, नंतर साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. फार मोठं काम होतं ते, पण घर सोडून बोर्डिंगात राहायचं म्हणजे बहुतेक मुलगेच जायचे, मुलींना कोण पाठवणार होतं तेव्हा?

1 जून 1948 ला नगर-पुणे रस्त्यावर पहिली एसटी धावली. त्याआधी खाजगी सर्व्हिस गाड्या होत्या, पण त्या पॅसेंजर असेल तिकडंच जायच्या. मराठवाड्याची गोष्ट वेगळी, तिथं निजामाच्या रेल्वे खात्यानं 1932 पासूनच सरकारी बस चालवली होती, तरी उच्च शिक्षणासाठी हैदराबादच गाठावं लागायचं. 1950 मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं, 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ. महाराष्ट्र राज्य झाल्यावर मुंबई राज्य, विदर्भ आणि मराठवाडा या तिन्हीकडची बससेवा एका महामंडळात आली, आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्यांच्याकडं प्राथमिक शाळा पण आल्या आणि गावचे रस्ते पण.

माझ्या मते खरा बदल इथून झाला. चौथी-सातवी गावात किंवा शेजारच्या गावात, हायस्कूल बाजाराच्या गावात आणि कॉलेज तालुक्याला, आणि या सगळ्याला जोडणारी एसटी. त्यात मुक्कामी गाडीचं काम सगळ्यात मोलाचं, संध्याकाळी पोरांना घेऊन गावात यायची, ड्रायव्हर कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर झोपायचे आणि सकाळी तीच गाडी पोरांना घेऊन निघायची. जी पोरं शहरात खोली करून राहायची त्यांचे जेवणाचे डबे पण एसटीनंच जायचे, आई पहाटे उठून भाकरी करून गाडीवर डबा द्यायची आणि पोरगं स्टँडवर येऊन घ्यायचं. अशा डब्यांवर किती जण शिक्षक, तलाठी, इंजिनिअर झाले ते कुठल्याच सरकारी अहवालात सापडणार नाही.

विद्यार्थ्यांना पास एक तृतीयांश पैशात मिळतो, आणि अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या मागास 125 तालुक्यांत खास मुलींसाठी आल्या. मुलगी संध्याकाळी वेळेत घरी येणार याची खात्री असली की आईबाप सातवीनंतर पण शिकवतात, नसली की शाळा बंद आणि लग्नाची बोलणी सुरू, इतकं ते सरळ आहे.

2021 मध्ये हे परत दिसलं. कोरोनानंतर ऑक्टोबरात शाळा उघडल्या आणि त्याच महिन्याच्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल 2022 पर्यंत. कर्मचाऱ्यांची बाजू खरी होती, पगार तुटपुंजे आणि तेही वेळेवर नाहीत. पण शाळा उघड्या आणि गाड्या डेपोत उभ्या, मग वडाप नाहीतर काळी-पिवळी, म्हणजे खाजगी जीप. तिथं पास चालत नाही, आणि दाटीवाटीनं भरलेल्या जीपमध्ये मुलीला पाठवायला घरचे तयार होत नाहीत.

आता समूह शाळेचं. 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करायचं ठरलं होतं, 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायचा विचार पुढं आला आणि त्यात मुलांना बसनं आणायचं असं सांगितलं गेलं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीची शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत. हे अंतर लहान मूल पायी किती चालेल ते बघून धरलेलं आहे. आता सहा-सात वर्षांचं पोर रोज गाडीनं जाणार असेल तर ती गाडी कुणाची, पावसाळ्यात घाटात दरड आली तर काय, गाडी बिघडली तर दुसरी कुठल्या डेपोतून येणार आणि हा खर्च दरवर्षी कुठल्या खात्यातून होणार, हे आधी लिहून द्यायला हवं, शाळेला कुलूप त्यानंतर.