मर्यादवेल : वनस्पतिसंग्रहांतील नोंदी

मर्यादवेल (लॅ. आयपोमिया पेस-काप्री, कुल-कॉन्व्हॉल्व्ह्युलेसी) ही उष्ण कटिबंधातील वालुकामय किनाऱ्यांवर पसरणारी वन्य वेल कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर सर्वपरिचित आहे. तिचे वाळवलेले नमुने जगातील बहुतेक मोठ्या वनस्पतिसंग्रहांत आढळतात. मात्र त्यांवरील नावे एकसारखी नाहीत.

कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये हिचे वर्णन कॉन्व्हॉल्व्ह्युलस या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) केले. त्यापूर्वी ऱ्हीड यांच्या ‘होर्तुस मलाबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथाच्या ११व्या खंडात (१६९२) ‘शोवन्ना-अडंबू’ म्हणून आलेले चित्र हिचेच मानतात. आयपोमिया प्रजातीतील स्थानांतर १८१८ मध्ये झाले. त्याचे श्रेय जुन्या ग्रंथांत रॉबर्ट स्वीट यांना दिलेले असते. परंतु रॉबर्ट ब्राउन यांचे प्रकाशन त्याच वर्षी काहीसे आधीचे दिसते व आता त्यांचेच नाव जोडतात. दरम्यान फोर्स्कल यांनी १७७५ मध्ये आयपोमिया बायलोबा हे नाव दिले होते. हूकर यांच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिकोशात सी. बी. क्लार्क यांनी १८८३ मध्ये तेच स्वीकारले. वनस्पती ज्या प्रजातीत ठेवली त्या प्रजातीतील सर्वांत जुने जातिनाम घ्यावे, असा लंडनच्या क्यू येथील वनस्पतिउद्यानात तेव्हा प्रघात होता. क्लार्क यांच्या निवडीमागे तोच असावा. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची पुष्कळ भारतीय नमुनापत्रे (वाळवलेला नमुना चिकटवलेले कागद) ‘बायलोबा’ या नावाखाली लावलेली असतात. जुन्या नोंदी शोधताना दोन्ही नावे पाहणे आवश्यक ठरते.

उपजातींचा प्रश्न अधिक बिकट आहे. व्हॅन ओस्टस्ट्रूम यांनी १९४० मध्ये पानाच्या टोकाची खाच उथळ असलेल्या, जवळजवळ सर्व उष्ण किनाऱ्यांवर आढळणाऱ्या वेलींना ‘ब्रासिलिएन्सिस’ ही उपजाती मानले. खोल खाचेची मूळ उपजाती प्रामुख्याने भारत, श्रीलंका व अरबस्तानाकडील किनाऱ्यांची. सेंट जॉन यांनी पुढे या दोन स्वतंत्र जाती ठरवल्या. उपजातीचा दर्जा अधिक सयुक्तिक वाटतो. कारण खाचेची खोली एकाच वेलीवरही बदलते. अशा लक्षणावर जाती उभ्या करायच्या, तर नमुन्यात वेलीच्या निरनिराळ्या भागांतील पाने हवीत. नमुनापत्र साधारण ४२ × २८ सेंमी., तर वेल कित्येक मीटर लांब. संग्राहक सहसा फुलांचा शेंडा खुडतात, तिथली पाने कोवळी असतात आणि जून पाने किनाऱ्यावरच राहून जातात. पानांची जाडी व खोडातील दुधी चीक यांमुळे नमुना सावकाश वाळतो व काळवंडतो. नरसाळ्यासारखे जांभळट-गुलाबी फूल नाजूक असून लवकर मिटते. ते सकाळीच जागेवर दाबावे लागते. वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून तो चिठ्ठीवर लिहून ठेवणाऱ्या संग्राहकाचे ऋण मोठे आहे.

पश्चिम किनाऱ्यावरील वनस्पतींच्या अभ्यासासाठी पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचा संग्रह आणि मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह हे महत्त्वाचे आधार आहेत. सर्वत्र दिसणारी वनस्पती संग्राहक सहसा पुन्हापुन्हा गोळा करीत नाहीत. त्यामुळे नमुन्यांच्या संख्येवरून तिच्या विपुलतेचा अंदाज बांधू नये. जुन्या चिठ्ठ्यांवर बहुधा गावाचे नाव व ‘समुद्रकिनारा’ एवढेच असते. तरीही त्या गावी त्या काळी मर्यादवेल धरून ठेवील अशी मोकळी वाळू होती, याचा तो प्रत्यक्ष पुरावा ठरतो.