पायावरची गाठ, खुरावरची कडी आणि घोड्याचा भाव

घोडा विक्रीला काढला की त्याच्या अंगावरची प्रत्येक खूण मोजली जाते. पण व्याधी जितकी दुखरी तितका भाव कमी, असे हे गणित नाही. घेणारा तीन गोष्टी तोलतो: हवे ते काम हा घोडा करील का, दुखणे वाढेल का, आणि उद्या तोच विकायची वेळ आली तर पुढचा गिऱ्हाईक काय म्हणेल.

पुढच्या पायाच्या आतल्या अंगाला, गुडघ्याखाली, कधी कधी अंगठ्याच्या पेराएवढी टणक गाठ दिसते. तिला स्प्लिंट म्हणतात. नळीच्या हाडाला चिकटून एक बारीक हाड असते. त्या दोघांना बांधणाऱ्या अस्थिबंधावर ताण आला किंवा मार बसला की तिथे नवे हाड धरते. ताजी गाठ गरम लागते आणि दाबली की घोडा पाय ओढून घेतो. पुढे ती थंडावते आणि कायमची राहते. थंडावलेली गाठ सहसा चालीत आड येत नाही, त्यामुळे रपेटीच्या घोड्याचा भाव तिच्यामुळे फारसा हलत नाही. प्रदर्शनातल्या घोड्याचा मात्र पडतो, कारण तिथे पायांची रेखीवताच पाहिली जाते. गाठ मागच्या बाजूने वाढून घोट्याला तोलून धरणाऱ्या अस्थिबंधाला घासत असेल, तर ती नुसती खूण उरत नाही. गाठ गरम असताना घोडा विकण्याची घाई करू नये. विश्रांती द्यावी आणि ती थंडावल्यावर क्ष-किरण चित्रासह दाखवावी.

सारकॉइडचे नेमके उलटे. चामखिळीसारखी दिसणारी ही गाठ बहुधा दुखत नाही, शरीरात इतरत्र आतल्या अवयवांत पसरतही नाही. तरी भाव चांगलाच उतरतो. घोड्यांमध्ये सर्वाधिक आढळणारा हा त्वचेचा ट्यूमर गाईगुरांच्या पॅपिलोमा विषाणूशी जोडलेला आहे, आणि अर्धवट काढला तर तो पुष्कळदा अधिक जोमाने उलटतो. तंगाखाली (खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याखाली) किंवा डोळ्याजवळ असेल तर अडचण आणखी वाढते. शिवाय विमा उतरवताना सारकॉइड बहुतेक वेळा वगळला जातो, म्हणजे पुढच्या उपचारांचा खर्च घेणाऱ्याच्या माथी. हा खर्च तो आधीच किमतीतून कापून घेतो.

काही दुखणी ऋतूआड लपतात. क्युलिकॉइडिस जातीच्या चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी चिलटे नसलेल्या हंगामात दिसतच नाही. तेव्हा आयाळीत आणि शेपटीच्या मुळाशी तुटके, खुरटे केस किंवा जाड झालेली कातडी शोधावी.

खूर मात्र जुनी हकीकत सांगतो. तो महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. समोरची भिंत वरून जमिनीपर्यंत उतरायला 9 ते 12 महिने लागतात. भिंतीवर कधी कधी आडवी उंचवट्याची रेघ, म्हणजे कडी, दिसते. वरच्या कडेपासून 30 मिलिमीटरवर कडी असेल तर तिचे कारण अंदाजे 3 ते 5 महिन्यांपूर्वीचे. कड्या एकमेकींना समांतर असतील तर बहुधा चारा बदलला असेल किंवा ताप येऊन गेला असेल. काळजीचे कारण नाही. त्या टाचेकडे रुंदावत गेल्या असतील तर लॅमिनायटिसचा (खुराच्या आतल्या थरांच्या दाहाचा) संशय घ्यावा आणि क्ष-किरण चित्र पाहिल्याशिवाय बोली करू नये.

उलट, नाहक भाव पाडणारेही एक लक्षण आहे. विश्रांतीत घोड्याचे हृदय मिनिटाला 28 ते 44 ठोके देते आणि पुष्कळ निरोगी घोड्यांत मध्येच एखादा ठोका चुकतो. घोडा पळवल्यावर लय नियमित झाली तर तो दोष धरू नये.

खरेदीपूर्व तपासणीत पशुवैद्य पायाचा सांधा सुमारे एक मिनिट दुमडून धरतो आणि घोड्याला लगेच दुडक्या चालीने पळवतो. धडधाकट घोडाही यात दोन-चार पावले अडखळू शकतो, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नये. दोन्ही बाजूंची तुलना करावी. फिनाइलब्युटाझोनसारखे वेदनाशामक देऊन लंगडणे झाकता येते. त्यासाठी तपासणीच्याच दिवशी रक्ताचा नमुना काढून जपून ठेवतात, आणि पुढे घोडा लंगडू लागला तर हा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात.