सामुराई चिलखत: नावांचा गुंता आणि बंदुकीनंतरचे बदल

संग्रहालयांत आणि लिलावांच्या कॅटलॉगांत आज जी सामुराई चिलखतं दिसतात, त्यांतली बहुसंख्य एदो काळातली (१६०३ ते १८६८) आहेत. म्हणजे ती बनली तेव्हा मोठ्या लढाया जवळजवळ संपल्या होत्या. हे ध्यानात न घेता ‘एवढं सगळं अंगावर चढवून माणूस लढायचा कसा?’ असं विचारलं, तर उत्तर चुकतंच. लढण्याची रीत बदलली तसं चिलखत बदलत गेलं, आणि लढाया थांबल्यावर ते वेगळ्याच कारणांनी बदललं.

हेइआन काळाच्या (७९४ ते ११८५) उत्तरार्धातलं ‘ओयोरोई’ हे घोडेस्वार धनुर्धराचं चिलखत. धनुष्य चालवायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून ढाल हातात नाही, तर मोठ्या चौकोनी पत्र्यांच्या रूपानं दोन्ही खांद्यांवर लटकवलेली. छातीवर कातडं ताणून बसवलेलं, कारण उघड्या पट्ट्यांत प्रत्यंचा अडकली असती. बाही सुरुवातीला फक्त डाव्या हाताला. सगळा मिळून २५ ते ३० किलोंचा भार, आणि तो खांद्यांवर. खोगिरावर बसलं की मांड्यांवरचे पडदे पसरून टेकतात आणि ओझं थोडं हलकं होतं. घोडा पडला आणि पायी लढायची वेळ आली, की हेच चिलखत गैरसोयीचं.

बांधणी मात्र विलक्षण होती. लोखंडाचे आणि कच्च्या चामड्याचे बोटाएवढे तुकडे, म्हणजे ‘कोझाने’, प्रत्येकाला १३ किंवा १४ भोकं. प्रत्येक तुकडा शेजारच्यावर जवळजवळ निम्मा चढवायचा, त्यामुळे जाडी आपोआप दुप्पट होते. अशा ओळी रेशमी गोफानं एकीखाली एक टांगायच्या. वरून ‘उरुशी’चे थर. मराठीत आपण याला सर्रास ‘लाख’ म्हणतो, पण सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख किड्यापासून मिळते आणि उष्णतेनं वितळते. उरुशी हा झाडाचा चीक आहे आणि तो दमट हवेतच कडक होतो. दमट जपानात लोखंड गंजू नये आणि चामडं कुजू नये, हे काम या चिकाचं.

आता नावांचा गुंता. पायी लढणाऱ्यांसाठी अंगाभोवती गुंडाळायची हलकी चिलखतं आली. आजच्या वर्गीकरणात उजव्या कुशीत बंद होणारं ते ‘दोमारू’ आणि पाठीवर बंद होणारं ते ‘हारामाकी’. पुस्तकं हेच सांगतात, संग्रहालयातल्या पाट्याही हेच सांगतात. पण हेइआन आणि त्यानंतरच्या कामाकुरा काळातले (११८५ ते १३३३) लोक उजवीकडे बंद होणाऱ्या चिलखतालाच हारामाकी म्हणत. ‘हारा’ म्हणजे पोट, ‘माकी’ म्हणजे गुंडाळणं. पोटाभोवती गुंडाळून एका कुशीत एक टोक दुसऱ्यावर चढवायच्या वस्तूला हे नाव चपखल बसतं. पाठीवर उघडणारा प्रकार मुळात नंतरचा, कामाकुरा काळाच्या अखेरीचा. मुरोमाची काळाचा (१३३६ ते १५७३) शेवट आणि एदो काळ यांच्या दरम्यान कधीतरी दोन्ही नावांची अदलाबदल झाली. जुन्या वस्तूंची व्यवस्थित वर्गवारी करणाऱ्या एदोकालीन अभ्यासकांनी त्यांच्या काळातला वापर पक्का केला आणि पुढच्या सगळ्यांनी तोच उचलला.

याचा परिणाम साधा नाही. एखाद्या जुन्या युद्धकथेत योद्ध्यानं ‘हारामाकी’ चढवल्याचं येतं. आजचा वाचक पाठीवर फट असलेलं चिलखत डोळ्यांपुढे आणतो, आणि त्यावरून त्या माणसाच्या धाडसाविषयी निष्कर्षही काढतो. कारण पाठीवरची ती फट झाकायला एक वेगळी पट्टी असे, आणि तिला ‘भित्र्याची पट्टी’ असं नाव पडलं होतं: सामुराई शत्रूला पाठ दाखवतोच कशाला, असा त्यामागचा सूर. कथेतल्या माणसाच्या अंगावर मात्र पाठ पूर्ण झाकणारं, कुशीत बांधलेलं चिलखत असायचं. उलटी झालेली नावंच चालू ठेवायची, हा निर्णय सूची करणाऱ्यांच्या सोयीचा आहे, कारण शेकडो नोंदी बदलणं सोपं नाही. पण ही अदलाबदल पाटीवर एका ओळीत सांगायला काय हरकत आहे, हे मला अजून पटलेलं नाही. सांगितली नाही तर जुना मजकूर आणि समोरची वस्तू यांचा मेळ कधीच बसत नाही.

१५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर बंदूक आली. काही दशकांतच हजारो बंदुकधाऱ्यांची पायदळं उभी राहिली आणि कोझाने मागे पडले. बाण अडवणं वेगळं, गोळी अडवणं वेगळं. शिवाय हजारो तुकडे ओवत बसायला वेळ कोणाकडे होता? नव्या चिलखताला ‘तोसेई गुसोकू’ म्हणू लागले, म्हणजे ‘आजच्या काळाचा संपूर्ण संच’. त्यातलं ‘ओकेगावा-दो’ मला सर्वांत प्रामाणिक वाटतं: आडव्या लोखंडी पट्ट्या रिवेटनं जोडलेलं, लाकडी टबासारखं गुळगुळीत धड. वजन अजून २० किलोंच्या आसपास, पण कमरेला घट्ट शेला बांधला की बराच भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो. पायी चालणाऱ्याला हा फरक मोठा आहे. गोफही विरळ झाले, जोडी-जोडीनं ओवलेले. दाट रेशीम पावसात जड होतं, चिखल धरतं, लवकर वाळत नाही, लांब मोहिमेत त्यात उवा होतात, आणि भाल्याचं टोक निसटून जाण्याऐवजी त्यातच रुततं. या तक्रारी १८०० सालच्या एका जपानी ग्रंथात सविस्तर नोंदल्या आहेत. काही चिलखतांवर कारागीर मुद्दाम गोळी झाडून तिचा खळगा तसाच ठेवत. गिऱ्हाइकासाठी तीच हमी.

या बदलात गोव्याचाही धागा आहे. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं १५८८ मध्ये जपानच्या सत्ताधीशाला लिहिलेलं पत्र १५९१ मध्ये क्योतोत सादर झालं, आणि सोबतच्या नजराण्यात युरोपीय चिलखतं होती. ते पत्र क्योतोतल्या एका मंदिरात अजून जपलेलं आहे. मधोमध उभी धार आणि खाली टोक असलेला युरोपीय चिलखताचा छातीचा पत्रा जपानी कारागिरांनी उचलला, त्याला जपानी पडदे आणि गळपट्टी जोडली. हेच ‘नानबान-दो’. गोळी त्या उतारावरून घसरून जावी, हा हेतू.

शिरस्त्राणाचीही तीच गोष्ट. ६२ पट्ट्यांचं कारागिरीचं टोप एकीकडे आणि तीन ते पाच पत्र्यांचं डोक्याच्या आकाराचं ‘झुनारी’ दुसरीकडे. झुनारी स्वस्त, लवकर होणारं आणि मजबूत. माशाच्या शेपटीसारखे किंवा शंखासारखे जे अचाट आकार आपण फोटोंत पाहतो, ते बहुधा साध्या लोखंडी टोपावर कागद आणि उरुशीनं घडवलेले, म्हणून दिसतात तेवढे जड नसतात.

१६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि शांतता आली. दरबारी मिरवणुकांत चिलखत घराण्याची प्रतिष्ठा सांगू लागलं. १८व्या-१९व्या शतकांत ओयोरोईच्या नकला निघाल्या: दाट गोफ, मोठे खांदे, उंच शिंगं. काम अप्रतिम, पण लढाईत कटाक्षानं टाळलेल्या सगळ्या गोष्टी परत आलेल्या. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली, आणि सामुराई घराण्यांतल्या चिलखतांच्या पेट्या भराभर विकल्या जाऊन युरोप-अमेरिकेत पोचल्या. बाहेरच्या जगाचं सामुराईचं चित्र याच पेट्यांवरून बनलं.

त्याआधीही काही चिलखतं बाहेर गेली होती. १६१३ मध्ये निवृत्त शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) आणि त्याच्या मुलाच्या दरबारातून इंग्लंडच्या राजाला भेट गेलेली चिलखतं नव्या पत्र्यांची नव्हती. ती जुन्या दोमारू धाटणीची, रेशमानं ओवलेली होती. भेट म्हणून रुबाबदार तेच पाठवलं गेलं. लंडनच्या टॉवरमध्ये त्यांतलं एक पुढे काही काळ मोगल बादशहाचं चिलखत म्हणून दाखवलं जात होतं.