हॅलिफॅक्सचा कापडबाजार (अठरावे शतक)

इंग्लंडच्या यॉर्कशरमधले हॅलिफॅक्स हे पेनाइन डोंगरांच्या पूर्व उतारावरचे बाजारगाव. अठराव्या शतकात ते लोकरी कापडावर जगत होते. जमीन हलकी, पाऊस फार. ओटखेरीज धान्य फारसे पिकत नसे. त्यामुळे आसपासच्या वाड्यांवर शेतीच्या जोडीला माग असे. एखाद-दुसरी गाय, थोडी जमीन आणि वरच्या मजल्यावर उजेडासाठी ओळीने खिडक्या ठेवलेली मागाची खोली, असा विणकराचा संसार. एका मागाला पुरेल एवढे सूत कातायला अनेक हात लागत. ते बायकामुलांचे असत. लोकरीला लावलेले तेल काढण्यासाठी कापड शिळ्या मूत्रात भिजवत. त्यासाठी घरोघरचे मूत्र साठवले जाई. वासाबद्दल न लिहिलेलेच बरे. जाड कापड पुढे पाणचक्कीवर कुटून घट्ट करत आणि माळावर लाकडी चौकटींना आकड्यांनी ताणून वाळवत.

व्यापार वाढला, पण रोकड अपुरी होती. क्रॅग व्हेल खोऱ्यातल्या टोळीने याचा फायदा घेतला. सोन्याच्या गिनींच्या कडा कातरायच्या आणि त्या कातरणीतून पोर्तुगीज नाणी पाडायची, हा त्यांचा उद्योग. पोर्तुगीज सोने तेव्हा इंग्लंडात सर्रास चाले. काही प्रतिष्ठित मंडळीही मोबदला घेऊन आपली नाणी कातरायला देत, म्हणूनच हा धंदा इतका फोफावला. म्होरक्या डेव्हिड हार्टली याला पकडवणारा अबकारी अधिकारी विल्यम डायटन याचा नोव्हेंबर 1769 मध्ये हॅलिफॅक्समध्येच गोळ्या घालून खून झाला. हार्टलीला एप्रिल 1770 मध्ये यॉर्कला फाशी दिले.

1 जानेवारी 1779 रोजी ‘पीस हॉल’ उघडला. पीस म्हणजे हातमागावरचे ठाण. मोकळ्या चौकाभोवती दगडी सज्जे आणि 315 गाळे. जमीन उतरती असल्याने एका बाजूला दोन मजले, तर दुसऱ्या बाजूला तीन. विक्री मात्र फक्त शनिवारी, सकाळी 10 ते 12. आठवडाभराचे विणकाम या दोन तासांत विकायचे, म्हणजे भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्यापुढे लहान विणकराला फार ताणून धरता येत नसणार.

एवढी देखणी वास्तू उभी राहिली ती नेमकी चुकीच्या वेळी. गिरण्या आल्या, व्यापारी थेट गिरणीमालकांशी सौदे करू लागले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच गाळे ओस पडू लागले. 1871 मध्ये तिथे भाजी-फळांचा घाऊक बाजार भरू लागला.